मर्जानचा तिसरा भाग

माझ्या घरमालकीणकाकू मर्जानसाठी उपास करायच्या. मर्जान त्यांचा मुलगा नव्हता, भाऊ नव्हता, गावातलाही कुणी नव्हता. तो एका जुन्या ऐतिहासिक कादंबरीतला हबशी सरदार होता. लहानपणी समुद्रापलीकडून विकला जाऊन दौलताबादेला आलेला, तलवारीच्या जोरावर निजामशाहीत वर चढलेला, रंगानं काळाभोर, केसांनी कुरळा. काकूंच्या एका डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं होतं आणि दुसऱ्याला अक्षरं नाचताना दिसायची, म्हणून रोज संध्याकाळी मी ती कादंबरी त्यांना वाचून दाखवायचो. प्रकरण लढाईच्या तोंडाशी येऊन संपलं की काकू ताट बाजूला सारायच्या.

"तिकडं त्याच्या पोटात अन्न न्हाई अन् आपण कसं खावं, सर?"

वाचनाच्या बदल्यात माझं रात्रीचं जेवण त्यांच्याकडं होतं. त्या जेवल्या नाहीत तर मीही उपाशी, हा साधा हिशेब मला दुसऱ्याच दिवशी कळला. तेव्हापासून मी पानं आधी चाळून ठेवायचो आणि घसा बसला तरी मर्जानला घोड्यावरून सुखरूप उतरवल्याशिवाय थांबायचो नाही.

काकूंकडं येण्याआधी मी अंबडजवळच्या एका शाळेत नवीन मास्तर होतो आणि अंबडमध्ये खोली शोधत होतो. एका आठवड्यात चार खोल्या "कालच गेल्या" होत्या. गंमत म्हणजे त्यांतल्या दोन खोल्यांवर 'भाड्याने देणे आहे' ही पाटी पुढं महिनाभर तशीच होती. काकूंचं दार पाचवं. त्यांनी जात विचारली नाही. असं तोंडावर विचारणं त्यांना असभ्य वाटायचं. त्यांची पद्धत वेगळी होती. आधी आडनाव, मग गाव, मग मामाचं गाव, मग मामाचं आडनाव. या चार प्रश्नांत माणूस बराबर जागेवर बसतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

माझं आडनाव आमच्या जिल्ह्यात मराठ्यांतही आहे आणि आम्हा बौद्धांतही. गाव घनसावंगीच्या पुढचं, गोदावरीकाठचं.

"म्हणजे तुमच्या गावच्या सरपंचाच्या भावकीतले का तुम्ही?" काकूंनी विचारलं.

"आता एकाच गावातले म्हटल्यावर..." एवढं बोलून मी थांबलो. उरलेलं अर्धं वाक्य मी गिळलं आणि काकूंनी ते स्वतःच पुरं करून घेतलं.

"अन् मामाचं गाव?"

"तीर्थपुरी."

इथं काकू घसरल्या. त्यांचं माहेर तीर्थपुरीच्या पलीकडं दोन कोसांवर. तिथल्या बाजाराचा विषय निघाला. लहानपणी बाजारात हरवल्याची गोष्ट त्यांनी सांगितली, मग सापडल्याची सांगितली, आणि चौथा प्रश्न राहूनच गेला. मामाचं आडनाव विचारलं असतं तर तिथंच निकाल लागला असता. त्याऐवजी माझ्या हातात खोलीची किल्ली पडली. मी खोटं बोललो नव्हतो, अशी स्वतःची समजूत मी पुढं आठ महिने घालत राहिलो, आणि ती काही केल्या पटत नव्हती.

काकूंच्या घरात पुस्तकं पोथीसारखी असायची. जुन्या लुगड्याच्या तुकड्यांत बांधलेली, वर खाकी कागद. मर्जानच्या कादंबरीचे पहिले दोन भाग वाचनालयानं रद्दीत काढले तेव्हा काकूंनी उचलून आणले होते. कव्हरं केव्हाच गेलेली, त्यामुळं लेखक कोण हे मला आजही माहीत नाही. गोष्ट अशी की मर्जान जखमी होऊन एका देशमुखाच्या गढीच्या दाराशी पडतो आणि देशमुखाची लेक गोदा त्याच्यावर जीव लावते. देशमुख म्हणतो, हा परका, काळा, दाराच्या बाहेरच बरा. तो त्याला पाणी देतो, पण वरून, ओंजळीत.

हे प्रकरण काकूंनी माझ्याकडून सहा वेळा वाचून घेतलं. सहाही वेळा पदर डोळ्यांना.

"वरून वततोय मेला पाणी. माणूस हाय का कोण हाय तू?"

शेजारच्या आजी कधीकधी ऐकायला येऊन बसायच्या. त्या एकदा म्हणाल्या, "पण बाई, देशमुखाचं बी चुकलं कुठं? इतक्या काळ्याकुट्ट माणसाला पोरगी द्यायची म्हणजे."

"तुमच्या जावयाला जरा उन्हात उभा करून बघा आधी," काकू म्हणाल्या. आजी पंधरा दिवस आल्या नाहीत.

आणि ह्याच काकू पुण्याच्या नातवासाठी मुली बघत होत्या. मुलाकडून मोबाइलवर फोटो यायचे, ते मी त्यांच्या बऱ्या डोळ्यासमोर मोठे करून धरायचो.

"रंग कसा हाय?"

"गव्हाळ आहे."

"मोबाइलात समद्याच गव्हाळ दिसतेत. सावळी असंल. न्हाई म्हणून कळवा." मग मोबाइल खाली ठेवून म्हणायच्या, "हं, वाचा. मर्जान कुठवर आला?"

स्वयंपाकघराच्या खिडकीत निळ्या फुलाचा एक कप पालथा असायचा. इतर कपांत तो कधी मिसळायचा नाही. झाडायला येणारी बाई, नालीवाला, टाकी साफ करणारा, यांचा चहा त्यात. कपाच्या बुडाचा एक टवका उडालेला होता, त्यामुळं खिडकीच्या फरशीवरून उचलताना तो खरखर वाजायचा. मी स्वयंपाकघरात गॅसजवळ पाटावर बसून जेवायचो, सोनेरी काठाच्या कपातून चहा प्यायचो, आणि ती खरखर ऐकली की माझा कप खाली ठेवायचो. काकू वाईट नव्हत्या. ताप आला तेव्हा त्यांनी माझ्या कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या होत्या. कळलं तर ह्या काय करतील, हा विचार मला खोली जाण्यापेक्षा जास्त छळायचा. खोली दुसरी मिळाली असती.

दुसरा भाग संपला तो असा: देशमुखानं गोदाला गढीत कोंडलंय आणि मर्जान गोदावरीच्या पलीकडच्या काठावर उभा आहे. पुढं काय, ते तिसऱ्या भागात. तिसरा भाग वाचनालयात नव्हता. तीस वर्षांपूर्वी कुणीतरी नेला तो परत आलाच नाही, असं नोंदवहीत होतं, आणि संशय बदली होऊन गेलेल्या एका क्लार्कवर होता.

"सर, तिसरा भाग मिळवा कुठूनबी," काकूंनी हुकूम सोडला. मी जालन्याची जुन्या पुस्तकांची दुकानं पालथी घातली, संभाजीनगरला जाऊन आलो, मोबाइलवर शोधलं. मिळाला नाही. इकडं काकूंचं जेवण कमी होत चाललं, आणि त्याबरोबर माझंही.

शेवटी मी एक उद्योग केला. आम्हा मास्तरांकडं शिक्षक-प्रशिक्षणाच्या जाडजूड पुस्तिकांना तोटा नसतो. त्यातली एक मी खाकी कागदात गुंडाळली, शाळेत मोकळ्या तासाला दोन-चार पानं स्वतःच्या मनानं लिहायची आणि ती पुस्तिकेत घालून संध्याकाळी वाचायची, असं सुरू केलं. समोर 'सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन' असं छापलेलं आणि मी वाचतोय, "मर्जानने घोडा पाण्यात घातला."

माझा बेत होता आठ दिवसांत लग्न लावून मोकळं व्हायचा. तिसऱ्याच संध्याकाळी मी देशमुखाला पश्चात्ताप करायला लावला.

"थांबा," काकू म्हणाल्या. "इतक्या जल्दी मानला?"

"पश्चात्ताप झाला त्याला."

"बिलकुल न्हाई. देशमुखाला मी वळखते. असा न्हाई मानायचा तो."

दुसऱ्या दिवशी मी देशमुखाला आजारी पाडलं आणि मर्जानकरवी औषध आणवलं. काकू म्हणाल्या, औषध घेईल अन् वर शिव्या देईल. मग मी मर्जानला देशमुखाचा जीव वाचवायला लावलं. काकू म्हणाल्या, उपकाराची तर त्याला जास्तच चीड येईल. माझा देशमुख काकूंपुढं टिकेना. देशमुखाच्या डोक्यात काय चालतं हे त्यांच्याइतकं नेमकं कुणाला माहीत असणार?

एका संध्याकाळी मी पुस्तिका मिटली आणि सरळच विचारलं, "मग काकू, काय केलं म्हणजे तो मानेल?" हा प्रश्न मी मर्जानसाठी विचारत नव्हतो.

काकू लसूण सोलत होत्या. हातातली पाकळी त्यांनी वाटीत टाकली.

"देशमुखाला कशाला विचारायचं?" त्या म्हणाल्या. "त्याच्या बायकोला विचारावं. दोन भाग झाले, त्या बाईला एक शब्द बोलू दिला न्हाई कुणी. तिनं पोराला आत बोलवावं. चुलीपाशी बसवून वाढावं. चुलीपाशी जेवला की माणूस घरचा झाला. मंग त्याला देशमुख न्हाई, देशमुखाचा बाप बी बाहेर काढू शकत न्हाई. आमच्यात असंच हाय."

मी ते तसंच लिहिलं. त्या प्रकरणाला काकू दोन भाकरी जास्त जेवल्या.

आणि त्याच आठवड्यात माझे बाबा यायचे होते. बाबांनी तीस वर्षं एस.टी.त कंडक्टरकी केली. त्यांचा आवाज मागच्या सीटपर्यंत जाईल असाच कायमचा बसलेला. आदल्या दिवशी मी त्यांना फोन केला. "बाबा, काकू जुन्या वळणाच्या आहेत. आल्यावर नुसतं नमस्कार म्हणा." मग ते म्हणाले, "बरं." त्या एका 'बरं'ची मला अजून लाज वाटते.

काकू अंगणात बाजेवर कुरडया वाळत घालत होत्या. बाबा फाटकातून आत आले, हातातला आईनं दिलेला डबा खाली ठेवला आणि दोन्ही हात जोडून म्हणाले, "जय भीम, बाई."

शेजारच्या आजी गच्चीवर होत्या. त्यांनाही ऐकू गेलं. काकूंच्या हातातली कुरडई हातातच राहिली. त्यांनी बाबांकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"बसा," एवढं बोलून त्या आत गेल्या.

मी आणि बाबा ओसरीत खुर्च्यांवर बसलो. आत गॅस पेटल्याचा आवाज आला, भांडं ठेवल्याचा आला. मी कान देऊन होतो. आणि मग खिडकीच्या फरशीवरून ती खरखर आली.

काकू ताटलीत चहा घेऊन बाहेर आल्या. एक निळ्या फुलाचा कप, एक सोनेरी काठाचा. ओसरीत त्या थांबल्या, आणि त्यांची अडचण मला दिसली. माणसं दोन होती आणि निळा कप एकच. तो पाहुण्याला द्यावा तर पाहुण्याचा मुलगा आठ महिने सोनेरी कपातून पीत आलेला. मुलाला द्यावा तर मग पाहुण्याला काय? इतक्या वर्षांत त्यांच्या पद्धतीवर अशी वेळ आलीच नव्हती. मी उठलो आणि निळा कप उचलला. खरं सांगायचं तर त्यात चहा जास्त मावायचा.

बाबांनी सोनेरी कपातून सावकाश चहा घेतला. "फक्कड झालाय, बाई," म्हणाले. काकू "हं" म्हणाल्या आणि कुरडयांकडं गेल्या.

बसस्टँडवर बाबांनी विचारलं, "निळा कप तू कामून उचलला?"

"जवळ होता म्हणून."

"लेका, तिकिटाला पैसे देताना कोण हातात देतं अन् कोण वरून टाकतं, हे तीस वर्षं बघितलंय मी. मला कप शिकवतो का?" गाडी लागली होती. पायरीवर चढून ते वळले. "खोली ठेवायची का सोडायची ते तू बघ. पण मला नमस्कार म्हण म्हणून परत सांगू नको. मी म्हणणारच होतो नमस्कार. तोंडातून निघंना."

मी त्यांच्या पायरीवरच्या पायाला हात लावला.

त्या संध्याकाळी काकूंनी हाक मारली नाही. माझ्या दाराशी ताट आलं, झाकलेलं, गरम. भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा, सगळं होतं. पण दाराशी. जेवायला घालतायत की बाहेर काढतायत, हे मला कळेना. मी ते तसंच परत ठेवलं. असं चार दिवस चाललं. मर्जानसाठी काकूंनी केले नसतील इतके सलग उपास त्या आठवड्यात मी केले, आणि वर वडापाव खाल्ले.

पाचव्या दिवशी मी बॅग भरली. दोन्ही भाग आणि खाकी कागदातली पुस्तिका घेऊन काकूंच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभा राहिलो.

"खोली सोडतोय, काकू. ही तुमची पुस्तकं. अन् हे तिसरं पुस्तक नाही. शाळेची प्रशिक्षण पुस्तिका आहे. तिसरा भाग मला मिळालाच नव्हता. मी मनानं लिहून वाचत होतो."

"माहीत हाय मला," काकू म्हणाल्या.

त्या उठल्या. गव्हाच्या कोठीमागं हात घालून लुगड्याच्या तुकड्यातलं एक गाठोडं काढलं आणि सोडून माझ्यासमोर धरलं. आत तिसरा भाग होता, वाचनालयाच्या शिक्क्यासकट.

"मीच आणल्ता. तीस वर्षांमागं," काकू म्हणाल्या. "दोघंबी मरतेत यात. गोदा डोहात उडी टाकती अन् त्याला देशमुखाची माणसं मारतेत. असलं वाचून गावातल्या पोरीबाळींनी काय करावं? म्हणून परत दिला न्हाई. त्या क्लार्कवर आळ आला, तो येऊ दिला. त्याचं पाप लागंल मला."

"मग मला जिल्हाभर कशाला हिंडवलंत?"

"मला वाटलं, दुसरा एखादा तिसरा भाग निघाला असंल. कुण्या शहाण्यानं बदलून छापला असंल." त्या गाठोड्याची गाठ परत मारू लागल्या. "तुमचं लिहिणं मला पहिल्याच दिवशी कळालं. पुस्तकातला मर्जान कधी पाणी मागत न्हाई. तुमचा सारखा पाणी मागून राह्यला."

मला हे लिहिताना जाणवलं नव्हतं.

"पुस्तकाचं कळालं," काकू म्हणाल्या, "पण तुमचं न्हाई कळालं. आठ महिने माझ्या हातचं खाल्लं अन् सांगितलं न्हाई."

"सांगितलं असतं तर खोली दिली असती?"

काकूंनी विचार केला. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

"न्हाई," त्या म्हणाल्या.

मग त्या एकदम चिडल्या.

"आता तूच सांग मी काय करू. चुलीपाशी जेवलेला माणूस बाहेर काढता येत न्हाई, हे मीच लिहायला लावलं ना तुला? अन् आठ महिने तू कुठं बसून जेवला? चार दिवस झाले, हेच डोक्यात घुमून राह्यलं. माझ्याच तोंडानं अडकले मी." त्यांनी पायानं पाट पुढं सरकवला. "बस. भाकरी गार होऊन राह्यली."

मी उंबरा ओलांडून आत जाऊन बसलो. घास तोंडात घेतला आणि रडू आलं. काकूंनी ठेचा तिखट झाला असेल म्हणून माझ्यापुढं दही ठेवलं, आणि तो तिखट नव्हता हे त्यांना चांगलं माहीत होतं.

यानंतर काकू पार बदलल्या असं लिहायला मला आवडलं असतं, पण त्यांनाच ते पटलं नसतं. झाडायला येणाऱ्या बाईंना स्टीलच्या पेल्यात चहा सुरू झाला, पण पहिले काही दिवस तो पेला घासताना भांड्यांचा आवाज जरा जास्त व्हायचा. निळा कप त्यांनी फेकला नाही. "चांगला हाय, कामून फेकू?" म्हणून त्यातून स्वतःच चहा प्यायला लागल्या. नातसून मात्र त्यांना गोरीच हवी होती. गोदा-मर्जानचं लग्न आम्ही दोघांनी मिळून लावलं आणि त्याला अकरा संध्याकाळी लागल्या, कारण जेवणावळीत काय वाढलं ते काकू एकेक पदार्थ करून सांगायच्या.

त्याच्या पुढच्या रविवारी काकूंनी बाबांना जेवायला बोलावलं. सकाळपासून त्या स्वयंपाकघरात एकट्याच काहीतरी पुटपुटत होत्या. मला वाटलं, स्तोत्र असेल. बाबा फाटकातून आले. या वेळी त्यांनी मला न विचारता ठरवून ठेवलेलं असावं, कारण हात जोडून ते कधी नव्हे इतक्या हळू आवाजात म्हणाले, "नमस्कार, बाई." आणि त्याच क्षणी काकू, शाळेत पाढा म्हणतात तशा ताठ उभ्या राहून म्हणाल्या, "जय भीम."

दोघंही गोंधळले. गच्चीवर शेजारच्या आजी होत्याच. काकूंनी वर बघितलं आणि तेच परत एकदा, जरा मोठ्यानं म्हटलं. मग बाबांना म्हणाल्या, "आत या. पाट मांडलाय."

दोन वर्षांनी माझी बदली झाली. निघताना काकूंनी लुगड्यातलं ते गाठोडं माझ्या बॅगेत घातलं. आता त्या पुण्याला मुलाकडं असतात आणि महिन्यातून एकदा फोन करतात. तब्येत, पाऊसपाणी, बाबा कसे आहेत, हे सगळं विचारून झालं की आवाज खाली येतो.

"सर, वाचनालयाला दिला तर न्हाई ना तो?"

"नाही काकू," मी म्हणतो. "माझ्याकडंच आहे."